लाल शाईचा तास

रोवणीसाठी गावी आलो आहे. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात गोंदिया, तिथून डोंगरगडकडं जाणाऱ्या पॅसेंजरनं दरेकसा. या रुळावरचं महाराष्ट्राचं हे शेवटचं टेशन. पुढं डोंगर, बोगदा, आणि मग छत्तीसगड. पावसाळ्यात शहरातली पोरं हाजरा फॉल बघायला येतात, फोटो काढतात आणि निघून जातात. गाव कुणी बघत नाही.

संध्याकाळी बांधीतून आलो. पायाचा चिखल धुतला न धुतला तोच बहिणीची पोरगी वही घेऊन समोर बसली. सातवीत आहे.

"मामा, हे पाय ना. सरनं सारं लाल करून टाकलन. मी का खोटं लिवली का?"

निबंध होता. विषय : मी सुट्टीत काय केले. पोरीनं जे केलं तेच लिहिलं होतं. पहाटे तीनला उठून मायसंगं जंगलात गेली. तेंदूची पानं तोडली. अस्वलाचं भेव वाटलं. घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले. ऊन उतरल्यावर फळीवर नेले. एकशे चाळीस पुडे मोजून नेले. मुन्शीनं वीस पुडे खराब आहेत म्हणून बाजूला काढले, कार्डावर एकशे वीस लिहिले, पण ते वीस काही परत दिले नाहीत. शेवटचं वाक्य असं : "मंग आमचे २० पुडे कोठी गेले?"

त्या दीड पानात मास्तरनं सतरा ठिकाणी लाल गोल केले होते. ‘पानी’ला गोल. ‘कोनी’ला गोल. ‘आमी’ला गोल. ‘मंग’ला गोल. ‘कोठी’ला तर दोन गोल. खाली शेरा : अक्षर बरे. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. दहापैकी चार.

वीस पुडे कुठं गेले, यावर एक अक्षर नाही. चोरी वहीत लिहून समोर ठेवली आहे, आणि वाचणाऱ्याला फक्त ‘ण’चा ‘न’ दिसला!

दोस्तहो, सहावी-सातवी-आठवीच्या मराठीच्या तासाला आपली पोरं काय शिकतात, याचं उत्तर मला त्या वहीत सापडलं. म्हणून हे लिहितो आहे.

*

आधी माझी कबुली. वही हातात घेतली तेव्हा माझाही हात खिशातल्या पेनाकडं गेला होता. ‘पानी’ दिसलं आणि माझ्या आतला मास्तर जागा झाला. मी गोदीत गोणी उचलणारा माणूस. कवितेत बेधडक ‘पानी’ लिहितो आणि तुम्ही टाळ्या वाजवता. पण पोरीच्या वहीत तेच दिसलं तर मला लाज वाटली. ही लाज कुठून आली? आईच्या पोटातून आली नाही. शाळेतून आली.

माझ्या सातवीतला एक तास मला अजून आठवतो. समानार्थी शब्द चालले होते. मास्तरांनी विचारलं, पाण्याला दुसरे शब्द सांगा. पुढच्या बाकावरून उत्तरं आली : जल, नीर, उदक, तोय, जीवन. मास्तर खूश. माझ्या बाकावरचा दोस्त गोंड होता. कधी तोंड न उघडणारा. त्या दिवशी त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "येर."

गोंडीत पाण्याला येर म्हणतात. त्याच्या घरात रोज तोच शब्द. वर्ग हसला. मी पण हसलो, हे लिहून ठेवतो. मास्तर म्हणाले, असा शब्द नसतो. तो खाली बसला. आठवीनंतर तो मला शाळेत दिसला नाही.

आज विचार करतो. उदक आणि तोय हे शब्द दरेकशात कोण बोलतो? एक माणूस दाखवा. तरी ते मराठी. आणि ज्या शब्दानं इथली माणसं पिढ्यानपिढ्या तहान सांगत आली तो ‘नसतो’! गंमत अशी की ‘नीर’ हा शब्दसुद्धा द्राविडी भाषांकडून संस्कृतात गेला असं भाषेचे कितीतरी जाणकार सांगतात. आणि गोंडी ही द्राविडी घराण्यातलीच भाषा. म्हणजे घराण्याचा एक शब्द सोवळं नेसून आला तर पुढच्या बाकावर, आणि दुसरा अनवाणी आला तर वर्गाबाहेर.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी आपलं झालं. पण पाण्याचा शब्द अजून त्यांच्याच ताब्यात आहे. आपण ‘पानी’ म्हटलं की तळं बाटतं.

*

आता नीट बघू, या तीन वर्षांत मराठीच्या तासाला शिकवतात काय.

पुस्तक बालभारतीचं. ही संस्था १९६७ साली पुण्यात सुरू झाली. पुस्तकात धडे, कविता. मग व्याकरण : शब्दांच्या जाती, काळ, विभक्ती, पुढं समास, अलंकार. म्हणी, वाक्प्रचार. निबंध, पत्र, सारांश, बातमी, जाहिरात. आणि या सगळ्यावर शुद्धलेखनाचे अठरा नियम : चौदा १९६२ सालचे, चार १९७२ सालचे.

मी असं म्हणत नाही की पुस्तक टाकाऊ आहे. आताची पुस्तकं माझ्या वेळेपेक्षा बरी आहेत. चित्रं आहेत, उपक्रम आहेत, ‘तुमच्या परिसरातले बोलीतले शब्द गोळा करा’ अशा थाटाचे प्रश्नसुद्धा असतात. पोर शब्द गोळा करतं. आणि दुसऱ्या दिवशी तेच शब्द निबंधात लिहिले की लाल गोल! म्हणजे बोली ही फुलपाखरासारखी टाचणीनं टोचून वहीत लावायची वस्तू. तिच्यात विचार करायचा नाही.

‘स्वमत’ नावाचा एक प्रश्न असतो. तुमचं मत लिहा. चांगला प्रश्न. पण बाजारात गाइड मिळतं, त्यात पोराचं ‘स्वतःचं मत’ आधीच छापलेलं असतं. पोर ते पाठ करतं. तालुक्याच्या सगळ्या पोरांचं स्वमत एकच. आमच्या भाचीनं मात्र खरोखर स्वतःचं लिहिलं, तिला चार मार्क.

आणखी एक किस्सा ऐका. २०२३-२४ पासून सरकारनं दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली. गरिबाच्या पोराला वह्या घ्यायला पैसे नसतात, दप्तर जड होतं, असं कारण सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागं घेतला. म्हणजे पाठ्यपुस्तकात आयुष्यात पहिल्यांदा आमच्या पोरांसाठी जागा सोडली होती, ती पण कोरी. दोन वर्षांत ती पण काढून घेतली.

आणि हा नुसता मार्कांचा खेळ राहिलेला नाही. २०१० पासून आठवीपर्यंत कुणाला नापास करून मागं ठेवायचं नाही असा कायदा होता. २०२३ मध्ये आपल्या राज्यानं पाचवी आणि आठवीला परत परीक्षा लावली. फेरपरीक्षेतही नापास झाला तर त्याच वर्गात बसायचं. आपल्या वस्त्यांत त्याच वर्गात दुसऱ्यांदा किती पोरं बसतील? पोरगा वीटभट्टीवर जाईल, पोरीचं लगीन लावतील. म्हणून सांगतो, त्या लाल गोलाचं वजन आता वाढलं आहे.

*

‘सातवी-आठवीच्या पोरांना काय कळतं, त्यांनी आधी शुद्ध लिहायला शिकावं, विचार नंतर’ असं म्हणणाऱ्यांना एक नाव सांगतो. मुक्ता साळवे.

पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली पोर. वय चौदाच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबानं आठवीतली. शाळा शिकली जेमतेम तीन वर्षं. तिनं निबंध लिहिला मांग-महारांच्या दुःखाविषयी. १८५५ साली ‘ज्ञानोदय’नं तो छापला. त्या पोरीनं विचारलं, वेद तुमचेच आहेत, आम्हाला ते बघायचाही अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता ते तरी सांगा. तिनं लिहिलं, आमच्या जागा हिसकून वाडे बांधले, पायात आमची माणसं पुरली. तिनं बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचं लिहिलं, ज्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं.

आता डोळ्यांसमोर आणा. ही वही आजच्या वर्गात गेली असती तर? ह्रस्व-दीर्घाला गोल. खाली शेरा : विषय सोडून लिहिले आहे. दहापैकी चार.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी भाषेच्या तासातून मुक्ता निघाली. कारण तिच्या मास्तरांनी तिला विचारलं असणार, तुझं दुःख काय? आज आपण विचारतो, तुझा आवडता ऋतू कोणता?

*

यावर आपल्याच चळवळीत दोन तट आहेत. दोघांशी मला भांडायचं आहे.

एक तट म्हणतो, मराठी गेली खड्ड्यात, पोरांना इंग्रजी शाळेत घाला. हे म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. ज्या भाषेनं गावकुसाबाहेर ठेवलं तिचं प्रेम कशाला? इंग्रजी आली पाहिजे, हजार वेळा आली पाहिजे. पण सालेकसा तालुक्यात महिन्याच्या फीवर चालणाऱ्या ज्या इंग्रजी शाळा निघतात, तिथं काय चालतं ते मी बघितलं आहे. पोर प्रश्नही पाठ करतं आणि उत्तरही. आधी बोली गेली, मग मराठी गेली, आणि इंग्रजी आलीच नाही. पोर तिन्ही भाषांत मुकं. मुकं पोर मालकाला फार आवडतं.

दुसरा तट म्हणतो, प्रमाण मराठी म्हणजे सदाशिवपेठी कावा, आपण फक्त बोलीत लिहायचं, नियम झुगारून द्यायचे. कवितेत ठीक आहे. मी पण झुगारतो. पण मी झुगारू शकतो कारण मॅट्रिकपर्यंत ते नियम मी गिळले आहेत. ज्याच्या हातात काहीच नाही त्यानं झुगारायचं काय?

बाबासाहेबांचं बघा. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. भाषेच्या तासाचा दरवाजा असा तोंडावर आपटला गेला. म्हणून ते भाषांकडं पाठ फिरवून बसले का? १९२० साली ‘मूकनायक’ काढला, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. त्यातली मराठी वाचा. विरोधकाच्या घरात घुसून त्याच्याच भाषेत त्याला गप्प करणारी मराठी आहे ती. आणि इंग्रजी अशी की लंडनपर्यंत ऐकू गेली.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. प्रमाण मराठी पाहिजे. पण ती आईची जीभ कापून त्या जागी लावायला नको. बोलीवर वरचा मजला म्हणून बांधा. खालचा मजला पाडून वरचा कसा उभा राहील?

*

आता गोदीतली गोष्ट. मी सुट्या मालावर काम करतो. साखर, डाळ, खत. गोदी कामगारांसाठी १९४८ सालचा कायदा आहे म्हणतात, आमच्यासारख्या ठेक्यावरच्या पोरांना तो लांबून दिसतो. एकदा आमच्या टोळीतल्या एकाच्या पायावर स्लिंगमधून सुटलेली गोणी पडली. पायाची हाडं मोडली. ठेकेदार म्हणाला, त्या दिवशी हा हजेरीवर नव्हताच.

टोळीनं माझ्याकडं बघितलं. मी मॅट्रिक, वरून कवी. म्हणाले, तू लिही.

कागद घेतला. ‘प्रति’ लिहिलं. ‘विषय’ लिहिलं. ‘महोदय’ लिहिलं. आठवीत पत्रलेखन झालं होतं ना, पाचपैकी पाच मिळाले होते. मग सवयीनं एकदम शेवटी गेलो आणि लिहिलं : ‘आपला आज्ञाधारक’. मधली जागा कोरी. मला शाळेनं सुरुवात शिकवली होती, शेवट शिकवला होता. सुरुवातीला महोदय, शेवटी आज्ञाधारक. मधल्या जागेत काय मागायचं, कसं मागायचं, हे शिकवलंच नव्हतं.

आमच्यातला एक म्हातारा कामगार, अंगठाबहाद्दर, बाजूला बिडी ओढत बसला होता. त्यानं सांगितलं. "तारीख लिख. पाळी कौनसी, कितने बजे, कौनसा जहाज. बाजू में कौन खडा था, सबका नाम. हजेरी का नंबर. क्या मंगता है वो आखरी में साफ लिख. दो कॉपी बना. एक उसको दे, दुसरे पे पोच ले. पोच के बिना कागज मतलब रद्दी."

पोच! आठ वर्षं मराठी शिकलो, हा शब्द एका निरक्षर माणसानं शिकवला. पोच म्हणजे काय? तुम्ही माझं म्हणणं घेतलंत याचा शिक्का. तुम्हाला माझं ऐकू आलं नाही असं आता म्हणता येणार नाही. सगळ्या भाषेचं काम आणखी काय असतं?

‘आज्ञाधारक’ खोडलं. खाली सतरा जणांच्या सह्या आणि अंगठे घेतले. पोच घेतली. दवाखान्याचा खर्च मिळाला. पूर्ण नाही, पण मिळाला. माझ्या छापून आलेल्या सगळ्या कवितांपेक्षा तो अर्ज मला मोठा वाटतो.

*

हे काही मी नवीन सांगत नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी दिली होती : मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्याचे धडे. व्याकरण आहे, पण यादीत सगळ्यात आधी मोडी. का? सावकाराचे, कुलकर्ण्याचे कागद मोडीत असायचे. ज्याला मोडी येत नाही त्याची जमीन अंगठ्याखाली जायची.

आजची मोडी कोणती? कचेरीची मराठी. ‘उपरोक्त विषयान्वये’, ‘सदरहू’, ‘अधिक्रमित’. अक्षरं बालबोध, पण माझ्या बापाला ती मोडीच. सातबारा, पंचनामा, फिर्याद, मस्टर, शासन निर्णय. आठवीचं पोर अलंकार ओळखतं, उपमा की उत्प्रेक्षा ते सांगतं. पण बापाच्या नावानं आलेली नोटीस त्याला वाचता येत नाही. त्यासाठी अर्जनवीसाला पैसे मोजावे लागतात.

आमच्या जंगलपट्ट्यात तर याच्यावर जमीन टांगलेली आहे. २००६ चा वनहक्क कायदा बघा. जंगलजमीन कसणाऱ्याला हक्क मिळतो. आदिवासी असेल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा. आणि आम्ही, जंगलातच राहणारे पण अनुसूचित जमातीत नसलेले, आम्ही तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य सिद्ध करायचं. आमच्या आज्याकडं कोणता कागद होता? पण त्याच कायद्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत एक ओळ आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसांचं लेखी उतरवून घेतलेलं निवेदन हाही पुरावा धरता येतो.

आता सांगा, हे उतरवून कोण घेणार? आठवीच्या पुस्तकात ‘मुलाखत घ्या’ असा उपक्रम असतो. पोरं कुणाची मुलाखत लिहितात? खेळाडूची, डॉक्टरची, ती पण गाइडातून. त्याऐवजी मास्तरांनी सांगावं, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडं जा. विचार, बोडी कुणी खोदली, ही बांधी कुणी फोडली, दुष्काळात काय खाल्लं, महारवाडा आधी कुठं होता. आणि ती बोलेल तसंच लिही. तिचं ‘पानी’ पानीच ठेव. कारण निवेदनात दुसऱ्याची भाषा घुसडली तर ते निवेदन तिचं राहत नाही. तिथं बोली अशुद्ध नाही, तिथं बोली हाच पुरावा आहे.

मग दुसऱ्या पानावर त्याच मजकुराचा प्रमाण मराठीत अर्ज लिही. झाले की दोन्ही मजले! व्याकरण त्यातच शिकून होईल. भूतकाळ कशाला लागतो ते पोराला तेव्हा कळेल. ‘कसत होतो’, ‘कसतो’ आणि ‘कसत आलो आहोत’ यांत एकराचा फरक आहे.

*

माझ्या बाकावरच्या दोस्ताचं काय? आम्हा बौद्ध पोरांची बोली निदान मराठीची चुलत बहीण आहे. झाडीबोलीला ‘अशुद्ध’ म्हणून का होईना, मराठी म्हणतात. तिची साहित्य संमेलनं भरतात, शब्दकोश निघाला आहे. गोंडीला तर ‘भाषा’च म्हणत नाहीत. २०११ च्या शिरगणतीत एकोणतीस लाखांहून जास्त माणसांनी आपली मातृभाषा गोंडी सांगितली. संस्कृत सांगितली चोवीस हजार आठशे एकवीस जणांनी. घटनेच्या आठव्या परिशिष्टात बावीस भाषा आहेत. संस्कृत आहे, गोंडी नाही.

दरेकशाजवळच्या कचारगडच्या गुहेला माघ पौर्णिमेला जत्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड माणसं येतात. पारी कुपार लिंगोचं, जंगो रायताडचं नाव घेतात. त्या दिवशी डोंगरावर लाउडस्पीकरवर गोंडी घुमते. दुसऱ्या दिवशी शाळेत तीच भाषा तोंड दाबून बसते. शेजारच्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली. शंभर वर्षं उलटून गेली. आमच्या वर्गात ‘असा शब्द नसतो’.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्यानं २०२२ मध्ये ती अनधिकृत म्हणून नोटीस दिली. ग्रामसभेला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. घटनेचं कलम ३५०अ म्हणतं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शक्य तिथं मातृभाषेतून. २०२० चं धोरण म्हणतं, जमलं तर आठवीपर्यंत. कागदावर सगळे गोंडीचे मामा, आणि शाळा काढली की नोटीस.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली. मुंबईत पेढे वाटले. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, मुंबई पेटली, २९ जूनला आदेश मागं घेतला. बरं झालं. लादलेली भाषा कुणालाच नको. पण रस्त्यावर आलेल्या मराठीच्या कैवाऱ्यांना मी विचारतो, हिंदी लादली तर तुमच्या पोराला जे दुखतं, तेच गोंडाच्या पोराला तुमच्या मराठीनं दुखत नाही का? झाडीच्या पोराला तुमच्या ‘शुद्ध’नं दुखत नाही का? की दुःखही अभिजात असावं लागतं?

*

मास्तरांना शिव्या घालून मोकळं व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी भाचीच्या सरांना भेटलो. तरणा माणूस, माझ्याच वयाचा, आपल्यातलाच. त्याच्याकडं तीन वर्ग. मोबाइलवर रोज माहिती भरायची. निवडणूक आली की यादी, जनगणना आली की जनगणना. मी निबंध समोर ठेवला. म्हणालो, सर, वीस पुडे वाचले का? तो गप्प झाला. मग म्हणाला, "चाळीस वह्या रात्री दहाला घेऊन बसतो भाऊ. चुका दिसतात. माणूस दिसत नाही." खरं बोलला. त्याच्याही वहीत लहानपणी कुणीतरी असेच गोल केले असतील.

त्याच्याकडं मी जे मागितलं तेच तुमच्यापुढं ठेवतो. निबंधात आधी मजकुरावर शेरा, मग शुद्धलेखनावर. आणि चूक दाखवायची तर ‘चूक’ म्हणू नका, ‘घरी असं, अर्जात असं’ म्हणून दोन्ही बाजूबाजूला लिहा. ‘आज्ञाधारक’ हा शब्द पत्रलेखनातून काढून टाका आणि पोच शिकवा. समानार्थी शब्दांत वर्गातल्या प्रत्येक पोराच्या घरचा शब्द फळ्यावर आला पाहिजे. यासाठी कुठला शासन निर्णय लागत नाही. एक खडू लागतो.

आणि या मासिकाला माझी मागणी आहे. दर अंकातली चार पानं सहावी ते आठवीच्या पोरापोरींना द्या. आमच्या कविता थोड्या कमी छापा, काही बिघडत नाही. ‘ज्ञानोदय’नं १८५५ साली मुक्ताला जागा दिली, आपण आज देऊ शकत नाही? आपापल्या वस्तीतल्या निबंधाच्या वह्या मागवा. लाल शाईच्या खाली काय लिहिलं आहे ते वाचा. तुम्हाला आपल्या सगळ्या प्रबंधांत नसेल इतका मजकूर तिथं सापडेल.

काल रात्री भाचीनं आणि मी कंदील नसलेल्या, पण लाइट गेलेल्या घरात मोबाइलच्या उजेडात अर्ज लिहिला. वीस पुड्यांचा. तारीख तिनं सांगितली. कार्डाचा नंबर तिच्या मायनं सांगितला. सोबत फळीवर उभ्या असलेल्या सहा बायांची नावं. मी फक्त म्हणालो, अर्जात ‘कोठी’ला ‘कुठे’ लिहू. ती म्हणाली, "आन वहीत?" मी म्हणालो, वहीत ‘कोठी’च राहू दे.

आज सकाळी माय आणि लेक कचेरीत गेल्या. बाबू आधी म्हणाला, ठेवून जा. पोर म्हणाली, "पोच द्या."

पोच मिळाली आहे. पुड्यांचे पैसे अजून नाही.

जयभीम.

दरेकसा, ता. सालेकसा